माझ्या नावाचं पान

नॉर्वेतल्या आपल्या मराठी मंडळातल्या बहुतेकांचं गाव पुणे, नाशिक, नाहीतर मुंबई. नागपूर फारसं कोणी पाहिलेलं नाही, म्हणून तिकडून आल्यावर अंकासाठी लिहा असा आग्रह झाला. लिहितो. पण आधी एक दुरुस्ती करायला हवी. गणपतीच्या जेवणात नवीन आलेल्या मुलांशी माझी ओळख करून देताना कोणीतरी हळू आवाजात सांगतं, "यांना देश सोडावा लागला." मी तेव्हा मान खाली घालून पापड मोडत बसतो. मला देश सोडावा लागला नव्हता. हातमागाचं प्रात्यक्षिक दाखवायला एका प्रदर्शनाबरोबर मी नॉर्वेत आलो. प्रदर्शन संपलं, बाकीचे कारागीर परत गेले, मी राहिलो. मला इथे आवडलं. खड्ड्यात पाय सोडून मागावर बसणं नको होतं, थोरला मुलगा असणं नको होतं. दुसरं कारण नाही.

घरी मात्र मी दुसरं कारण सांगितलं. येण्याआधी काही महिने नागपुरात विणकरांचा मोर्चा निघाला होता. दगडफेक झाली, पोलिसांनी काही जणांना गाडीत घालून नेलं, त्यात मी होतो. संध्याकाळी घरी आलो. पुढे इथे राहायचं ठरल्यावर मी आमच्या विणकर सोसायटीच्या फोनवर धाकट्या भावाला बोलावून घेतलं आणि म्हणालो, "त्या मोर्च्याची माझ्यावर केस झाली आहे. आलो की धरतील. माझं नाव काढू नका कोणाजवळ." केस झालेली नव्हती. 'मला यायचं नाही' हे म्हणण्यापेक्षा ते म्हणणं सोपं होतं. मग इथेही तेच सांगत गेलो, कारण इथे त्याला मान होता.

आई गेली तेव्हा भावाने फोनवर सांगितलं, "येऊ नको, स्टेशनवरच धरतीन." मी गेलो नाही. त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो. पण त्यानंतर भावाचा आवाज फोनवर ऐकला की झोप जायला लागली. या वर्षी ठरवलं की जायचं आणि त्याला समोर बसवून खरं सांगायचं. तिकीट काढूनच त्याला कळवलं, म्हणजे तो नको म्हणणार नाही.

हे छापण्याआधी त्याला विचारलं आहे. तो म्हणाला, "तिकडं काय लिहाचं ते लिही."

विमानतळ ते बेसा

एप्रिलच्या अखेरीस आपल्याकडे रस्त्याच्या कडेला मळकट बर्फ उरलेला असतो. नागपूरच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि उन्हाने नाकातोंडात कोरडा कापूस कोंबल्यासारखं झालं. भाऊ दाराजवळ उभा होता. त्याचं नाव नामदेव, घरात नामा. मी गेलो तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. आता टक्कल, पोट आणि हुबेहूब आमच्या बापाचं उभं राहणं. मी पुढे झालो तर त्याने माझी बॅग घेतली आणि परक्या आवाजात म्हणाला, "चला साहेब."

टॅक्सीत तो पुढे बसला. ड्रायव्हर बोलका होता.

"साहेब कुठले म्हणायचे?"

"मुंबईचे आहेत," नामा म्हणाला.

"पहिल्यांदा आले का नागपुरात?"

"हाव. पहिल्यांदाच."

"मंग खिशात कांदा ठेवजा साहेब. आमच्या इथं ऊन नाही पडत, ऊन चावते."

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. नागपूरच्या कडेचं बेसा म्हणजे माझ्या आठवणीत शेतं होती. बैलगाडी गेली तर धूळ खाली बसायला वेळ लागायचा. आता इमारतीला इमारत लागलेली, मधेच एखादं उरलेलं शेत, आणि पाण्याचे टँकर. नामाचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात कोणी नाही हे पाहून त्याने बॅग खाली ठेवली, माझ्या पाया पडला आणि पहिल्यांदा म्हणाला, "आला का गा भाऊ?"

मग लगेच, "इथं कोणी विचारलं तर कंपनीतले जुने साहेब म्हणजो. खालचा चौकीदार लय भोचक आहे."

आम्ही दोघेही सत्तरीच्या पलीकडे. तो अजून मला पोलिसांपासून लपवत होता. तिथेच जिन्यात सांगून टाकायला हवं होतं. मी म्हणालो, "बरं."

नामाच्या बायकोला, सुमनला, मी कधी पाहिलंच नव्हतं. आमच्यात भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बाईने समोरासमोर बोलायचं नाही अशी रीत आहे. शहरात ती केव्हाच गेली, पण सुमनच्या आयुष्यात भासरा कधी आलाच नव्हता, त्यामुळे तिच्यापाशी ती रीत कोरी करकरीत राहिली होती. डोक्यावर पदर घेऊन ती फ्रीजकडे पाहून बोलायची.

"त्याइले विचारा, तिखट चालते का?"

"चालते," मी म्हणालो.

पाटोडीचा रस्सा होता. बेसनाच्या वड्या आणि वर तेलाची लाल तर्री. दोन घास गेले आणि माझे कान पेटले.

"चालते म्हणतेत," सुमन फ्रीजला म्हणाली, "पण नाक पुसून राहिले. त्याइले सांगा, दही आहे म्हणा."

नामा हसला. मीही हसलो. नॉर्वेत जेवताना घरात शांतता असते आणि मला ती आवडते असं मी समजत आलो होतो. लग्न केलं ते टिकलं नाही, त्यानंतर तर शांतता पुष्कळच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत बसलो होतो. रस्त्यावरून हिंगण्याच्या कारखान्यांकडे जाणारी कंपनीची बस गेली. नामा म्हणाला, "याच बसनं गेलो जिंदगीभर. माग बंद पडले तसा लागलो ठेकेदाराकडं. कायम नाही केलं कधीच."

"दुसरीकडे नाही बघितलं?"

"सरकारी खात्यात झालं होतं ना काम. परीक्षा पास झालो, डॉक्टरनं पास केलं. मंग म्हणे, आता पोलीस चौकशी होईल घरी. घरी कोण कोण, मोठा भाऊ कुठं." त्याने चहाचा कप खाली ठेवला. "नाही गेलो मंग. माय म्हणे, पोट भरते ना? राहू दे."

चुकलेल्या बसबद्दल बोलावं तसं तो बोलत होता. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. नामा, केस कधी नव्हतीच. मी तोंड उघडलं आणि पाणी मागितलं.

नॉर्वेत विमानात बसताना मला वाटत होतं की खरं सांगणं म्हणजे त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवणं. आता कळलं की मी त्याला सांगणार होतो, ती नोकरी तू फुकट सोडलीस.

गोळीबार चौक

आमची गल्ली पाहायचा मी हट्ट धरला. नामा पाच-सहा दिवस टाळत राहिला. शेवटी त्याने एक पांढरा दुपट्टा आणला आणि माझ्या तोंडाला गुंडाळला. नागपुरात उन्हाळ्यात पुरुष, बायका, पोरं सगळेच असं डोकं-तोंड बांधून फिरतात, फक्त डोळे उघडे. आपल्याकडे थंडीत फिरतो तसंच, फक्त उलट कारणासाठी. लपायला याहून चांगलं शहर नाही.

गोळीबार चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांमधून पूर्वी दुपारी चाललं की दोन्ही बाजूंनी मागांच्या धोट्यांची खटखट यायची, बोलायचं तर ओरडून बोलावं लागायचं. आता मोटारसायकली, मोबाइलची दुकानं, शिकवणीचे फलक. आमच्या घराच्या जागी तीन मजली लॉज आहे. मी उभा राहून पाहिलं. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मला ते घर नको होतं म्हणूनच मी गेलो होतो, हे इतक्या वर्षांनी घराच्या जागेसमोर उभं राहून कबूल करणं सोपं गेलं.

पानठेल्याच्या सावलीत बाकावर एक म्हातारा बसला होता. नामा थबकला, पण उशीर झाला होता.

"अरे नाम्या! इकडं काहून भटकून राहिला उन्हात? मरतं का?"

तो शामराव होता. माझ्या शेजारच्या मागावर बसायचा. माझ्याबरोबर पोलिसांच्या गाडीतही होता. दात गेले होते, आवाज तोच.

"हे कोण गा?"

"मुंबईचे साहेब. जुने माग पाहाले आले."

"आता आले?" शामराव हसला. "साहेब, माग पाहाचे तं चुलीत पाहा. सगळे जळले." मग माझ्याकडे सरकून, पाहुण्याला गावची मोठी गोष्ट सांगावी तशा सुरात म्हणाला, "याचा मोठा भाऊ होता साहेब. काय हात होता त्याचा! परदेशात नेला होता सरकारनं, कला दाखवाले. तिकडंच मेला."

मी नामाकडे पाहिलं. तो पानवाल्याला सुपारी मागत होता.

"थंडीनं मेला म्हणतेत. प्रेत बी नाही आलं. याची माय लय सोसली. अन् तुमाले सांगतो, त्याचं पित्र म्हणून मीच बसतो याच्या घरी. दरवर्षी, अक्षय तृतीयेले."

नागपूरकडे अक्षय तृतीयेला, म्हणजे तीजेला, पितरांना जेवू घालतात. नवा माठ भरून ठेवतात, निखाऱ्यावर घास टाकतात, आणि गेलेल्याच्या बदली एका माणसाला बोलावून पानावर बसवतात. तो जेवतो म्हणजे गेलेला जेवतो.

"माय होती तवा वाढे अन् आत जाऊन बसे," शामराव म्हणाला. "आतून असा आवाज ये का माह्या गळ्याखाली घास उतरत नसे. पण उठता बी येत नाही ना. पित्र अर्धपोटी उठलं तं कसं होईन?"

"होईलच कसं," मी दुपट्ट्याआडून म्हणालो.

"साहेब मराठी चांगलं बोलतेत," शामराव नामाला म्हणाला.

बेसा, दुपार

 घरी आल्यावर मी दुपट्टा सोडला आणि विचारलं, "मी मेलो कधी?"

"तुनंच सांगतलं होतं ना, नाव काढू नका," नामा म्हणाला. "लोक विचारत. प्रदर्शनातले बाकीचे आले, हा काहून नाही आला? माय म्हणे, मेला म्हणून सांगू. मेलेल्याले कोण शोधते? विचारलं पोलिसानं तं तेच सांगाचं. मंग पहिल्या तीजेले बायका पाहून राहिल्या, हिच्या घरी पान काहून नाही मांडलं. मांडा लागलं."

"तुम्ही कधी चौकशी नाही केली? केसचं काय झालं म्हणून?"

"कोणाले विचारू? विचाराले जाणं म्हणजे तुह्या पत्ताच देणं नाही का?"

 कूलरचा पंखा घरघरत होता, वाळ्याचा ओला वास येत होता. सुमन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती फ्रीजकडे पाहत नव्हती. तिने सरळ माझ्याकडे पाहिलं.

"तुमाले एक सांगू का भाऊजी? मी लग्न होऊन आली तवा पहिल्या वर्षी पाहिलं. तीजेच्या दिवशी आत्याबाई पाणी बी नाही पेत. जित्या लेकाले मेलेल्यात जेवू घातलं म्हणून. अन् दुसऱ्या दिवशी पहाटे उठून न्हात. आतल्या खोलीत पाट मांडत. रिकामा. त्याच्यापुढं रांगोळी. अन् त्या पाटाले ओवाळत. मले वाटलं, सासूचं डोकं फिरलं. मंग त्याइनं सांगतलं, तो जिता आहे वं, काल माह्या हातानं त्याचं आयुष्य कमी केलं, आज वाढवून राहिली."

"दरवर्षी?"

"शेवटच्या वर्षी उभं राहता येत नव्हतं. मी ओवाळलं मंग. मले काय, मी तुमाले पाहिलं बी नव्हतं." तिने पदर सारखा केला. "पण ओवाळलं."

आई दिवा घेऊन रिकाम्या पाटासमोर उभी असायची तेव्हा मी इकडे नॉर्वेत काय करत असेन? मे महिना. लोकरीच्या गिरणीतून सुटून फ्योर्डच्या पाण्याकाठी बसलेलो असेन. मला ते दिवस फार आवडायचे.

"नामा," मी म्हणालो, "मला तुला एक सांगायचं आहे."

"सांगजो," तो म्हणाला. "उद्या तीज आहे. ते एकदा होऊ दे. शामराव येईन जेवाले, तू तवा आतल्या खोलीतच राहाजो."

मी मान डोलावली. आणखी एक दिवस मिळाला याचं मला बरं वाटलं.

अक्षय तृतीया

सकाळपासून घरात आंब्याचा आणि तळणाचा वास. कुरडया, वडे, भात, आमरस, चिंचेचं सार. निखारे करायला नामाने गॅलरीत लोखंडी घमेल्यात गोवऱ्या पेटवल्या. वरच्या मजल्यावरून एक बाई ओरडली, "काका, कपडे वाळत घातले ना वं बाप्पा!" नामा वर न पाहता म्हणाला, "तुह्या सासऱ्यालेच जेवू घालून राहिलो असं समज." वरून हसण्याचा आवाज आला. एवढाच काय तो त्या दिवसातला हसू येण्याचा प्रसंग.

शामराव सिटी बसने आला. मी आतल्या खोलीत पलंगावर बसलो होतो. दार लोटलेलं. तीन पानं मांडल्याचा आवाज मी ऐकला. बापाच्या आणि आईच्या पानांवर इमारतीतलंच एक जोडपं आलं होतं. ते जेवून लवकर गेलं. शामराव सावकाश जेवत होता. पितराने जेवताना बोलायचं नसतं, त्यामुळे वाटीला चमचा लागल्याचा आणि सुमनच्या बांगड्यांचा तेवढा आवाज. मध्येच नामा म्हणाला, "रस वाढ अजून. भावाले आवडे." मला आमरस आवडतो हे मीच विसरलो होतो. नॉर्वेत कोण विचारणार?

हात धुतल्याचा आवाज आला. नियम संपला आणि शामराव बोलायला लागला.

"गेला का गा तुह्या तो मुंबईचा साहेब?"

"गेला."

"त्याले एक गोष्ट सांगाची राहिली. तुह्या मायपुढं कधी तुह्या भावाचं नाव काढता नाही आलं, तं कोणालेच सांगतली नाही. त्या मोर्च्याच्या दिवशी आम्हा दोघाइले गाडीत कोंबून नेलं, आठवते?"

 मी पलंगावरून उठलो.

"ठाण्यातला साहेब म्हणे, हे मागावरचे पोट्टे काय दगड मारतीन? हातात जोर तं धोटा ढकलाचा! चहा पाजला, अन् हाकलून देलं. नाव बी नाही लिहिलं. तुह्या भाऊ असा चिडला! बाहेर येऊन म्हणे, शाम्या, आपलं नाव बी नाही लिहिलं गा यायनं. लय लागलं त्याले ते."

"केस नाही झाली?" नामाचा आवाज.

"कायची केस?"

"मागून. मागून झाली असंन."

"झाली असती तं माह्यावर नसती का? बाजूले बाजू बसलो होतो. मी मंग सरकारी खात्यात चपराशी नाही का लागलो? घरी आले ना पोलीस चौकशीले. खुर्चीवर बसले, चहा पेले, गेले. तुले काय झालं गा? ऊन लागलं का?"

माझा हात दारावर होता. दार नुसतं लोटलेलं होतं, बोटाने ढकललं असतं तरी उघडलं असतं. हीच ती वेळ, बाहेर जाऊन निदान आपल्या तोंडाने सांगण्याची. मी दारावरचा हात काढून घेतला आणि परत पलंगावर बसलो.

 मग नामा म्हणाला, "सुमन, शामरावाले सुपारी दे." तो त्याला खाली बसथांब्यापर्यंत सोडून आला. पितराला उन्हात एकटं पाठवत नाहीत.

परत आल्यावर तो सरळ आतल्या खोलीत आला. पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसला. चेहरा उन्हाने लाल झाला होता. त्याने टोपी काढली, मांडीवर ठेवली.

"तुले माहीत होतं?"

"हो."

"पहिलेपासून?"

"पहिलेपासून. हेच सांगायला आलो होतो, नामा."

"आला होता," तो म्हणाला. मग, "येऊन आठ दिवस झाले."

मी माफी मागायला लागलो. काय बोललो ते मला नीट आठवत नाही. मराठी आणि नॉर्वेजियन दोन्ही मिसळत होत्या. त्याने हात वर करून थांबवलं. रागाने नाही. टीव्हीचा आवाज कमी कर म्हणावं तसं.

"मायले माहीत होतं का?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही, नामा. तिला शेवटपर्यंत वाटत होतं की पोलीस आहेत."

"मंग बरं झालं," तो म्हणाला. तो रडत नव्हता. हिशेब जमत नाही तेव्हा माणूस भिंतीकडे पाहतो तसा पाहत होता. "तिनं जे केलं ते तिच्यासाठी खरंच होतं."

सुमन दारात येऊन उभी राहिली. तिने जेवायला बोलावलं नाही आणि निघूनही गेली नाही.

"मी लोकांना सांगतो," मी म्हणालो. "शामरावला उद्याच जाऊन भेटतो. दुपट्टा काढून."

"काय सांगशीन?"

"जिवंत आहे म्हणून."

"अन् मंग ते विचारतीन, मायले काहून फसवलं. तू तं विमानात बसून जाशीन. गल्लीत ते सांगत फिरतीन, म्हातारी येडी होती, जित्या पोराले घास घाले. नाम्या येडा होता, नोकरी सोडली." त्याने टोपी उचलली, झटकली, पुन्हा ठेवली. "आतापर्यंत आमच्या घरचा एक चांगला माणूस मेला होता. तेवढं राहू दे."

"नामा..."

"शामराव विचारत होता बसजवळ. म्हणे, पुढच्या साली माह्या गुडघ्यानं बस नाही चढता आली तं कसं? मी म्हटलं, येईन घ्याले." त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मांडू का तुह्या नावाचं पान?"

मी म्हणालो, "मांड."